पांढरी शोधताना: उजनीत गेलेल्या गावाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज

ओवाळणी झाली, ताट खाली ठेवलं आणि आत्या-अण्णांचं जुंपलं. जुन्या घराचं दार कुठल्या तोंडाला होतं? अण्णा म्हणाले पूर्वेला. आत्या म्हणाली, "उत्तरेला. सकाळचं ऊन उंबऱ्यावर कधी आलंच नाही. हिवाळ्यात ऊन खायला आम्ही समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो." आत्या ८२ वर्षांची, अण्णा ७५. दोघं एकाच घरात जन्मले आणि दाराची दिशा जुळत नाही.

गाव भीमेच्या काठचं, इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवच्या परिसरातलं. नाव देत नाही, कारण काही घरांचे मोबदल्याचे आणि वाटणीचे दावे अजून चालू आहेत. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, पण आमची घरं त्याआधीच उठली. माळवदं (मातीची सपाट छपरं) उतरवली, तुळया, कडीपाट, चौकटी बैलगाडीत घातल्या आणि लोक वर माळावर आले. नव्या गावठाणात सरळ रस्ते आखून प्लॉट मिळाले. जुन्या गल्ल्या कशा होत्या याचा कागद आमच्या कुणाच्याच घरात नाही.

मी एका कारखान्यात ड्रॉइंग काढण्याचं काम करते. गल्ली-गल्ली, घर-घर दाखवणारा नकाशा काढायचा असं ठरवलं. संक्रांतीपर्यंत व्हावा असं धरलंय.

२६ नोव्हेंबर

आजचा रविवार वाया गेला. नव्या गावातल्या देवळात पाच जुन्या माणसांना एकत्र बसवलं, मध्ये मोठा कागद ठेवला आणि म्हटलं, गाव काढा. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचं गाव कागदावर उतरलं. बाकीचे मान डोलावत राहिले. निघताना एक काका हळूच म्हणाले, "आमची गल्ली अशी नव्हती, पण आता त्यांच्यासमोर कुठं बोलायचं?"

कागद बाद केला. यापुढे एकेकाला वेगळं भेटायचं, कोरा कागद घेऊन. 'गाव काढा' असं म्हणायचं नाही. 'तुमच्या उंबऱ्यावरून निघा आणि पाण्याला जा', 'शाळेला जा', 'जनावरं घेऊन नदीला जा' असं विचारायचं. आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्यानं गाव कोणत्या साली सोडलं ते लिहायचं.

१७ डिसेंबर

आत्याकडे, करमाळा तालुक्यात. तिचं लग्न १९५८ चं. म्हणजे तिच्या डोक्यातलं गाव १९५८ ला थांबलंय. अण्णांच्या डोक्यात पुढची अठरा-वीस वर्षं एकावर एक साचली आहेत. नवीन भिंती, पडलेले वाडे, नंतर आलेली पिठाची गिरणी, सगळं एकात एक. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींची आठवण या कामात फार उपयोगी पडते. पुरुषांच्या याद्या करताना माझ्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

ओसरीवर बसून विचारलं तर आत्या एवढंच म्हणाली, "आड जवळच होता." मग म्हटलं, चालून दाखव. ती उठली, पदर खोचला, कमरेवर घागर असल्यासारखा हात धरला आणि अंगणात चालायला लागली. "उंबरा ओलांडला की डाव्या हाताला. दोन घरं, मग बळद फुटलेली भिंत, मग मारुतीचा पार. पाराशी उजवीकडं वळायचं, सरळ आड." परतताना आडापासून पारापर्यंत चव्वेचाळीस पावलं, तिथे घागर टेकवायची, आणि तिथून दारापर्यंत एका दमात एकाहत्तर. घागर जड, म्हणून पावलं मोजायची सवय लागली होती. पाराशी आल्यावर तिनं खरंच कमरेतून वाकून, अंगणात काहीच नसलेल्या जागी, घागर ठेवली.

अंगणातली तिची पावलं मी टेपनं मोजली. सरासरी ४० सेंटिमीटर. म्हणजे आड ते पार सतरा-अठरा मीटर, पार ते दार अठ्ठावीस.

८ जानेवारी २०२४

भूमी अभिलेखातून गावनकाशाची नक्कल मिळाली. इंचाला २० साखळ्या, साखळी ३३ फुटांची, म्हणजे मैलाला ८ इंच. शेतांचे नंबर, ओढे, पांदी, शिवेचे दगड, सगळं बारीक काढलेलं. मधोमध गावठाण, आणि आत काही नाही. एक वेडीवाकडी रेघ आणि तीत कोरी जागा. सारा काळीचा, म्हणजे शेतजमिनीचा, घ्यायचा होता म्हणून काळीची मोजणी झाली, पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, आत कुणी साखळी टाकली नाही. ज्यांना असा शोध घ्यायचाय त्यांनी हे आधीच समजून घ्यावं: गावनकाशावर घर सापडत नाही, फक्त गावठाणाची कड सापडते.

इथे एक चूक झाली. नकला कागदात बसाव्यात म्हणून झेरॉक्सवाल्यानं ९३ टक्क्यांवर काढल्या होत्या, आणि मी तेच माप खरं धरून आठवडाभर काम केलं. एका सर्व्हे नंबरचं क्षेत्र आकारबंदाशी (नंबरवार क्षेत्राची सरकारी नोंद) ताडून पाहिलं तेव्हा साडेतेरा टक्के कमी भरलं. रेषा सात टक्के आखूड झाली की क्षेत्र एवढं घटतं. नकाशा हातात आला की आधी दोन-तीन नंबरांचं क्षेत्र आकारबंदाशी जुळवा, मगच पेन्सिल उचला.

१० फेब्रुवारी

महिना गेला भूसंपादनाच्या निवाड्यामागे, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशामागे. एका कार्यालयातून दोनदा रिकाम्या हातानं परत आले. गावाचं नाव सांगून बाड सापडत नाही. शेवटी आमच्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरला, तो फेरफार काढला, त्यात भूसंपादन प्रकरणाचा नंबर आणि आदेशाची तारीख मिळाली. तो नंबर दिल्यावर तासाभरात बाड समोर आलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

निवाड्यात घरांची यादी आहे. मालक, खण (दोन तुळयांमधली जागा) किती, भिंत दगडाची की पांढऱ्या मातीची, वर माळवद की पत्रा की गवत, आणि रक्कम. आमचं घर पाच खणी, दगडी जोतं, वर माळवद. आजोबांचं नाव सरकारी शाईत वाचताना हात थांबला. रक्कम इथे लिहीत नाही. ती वाचून अण्णा दोन दिवस फारसे बोलले नाहीत.

मोजणारा माणूस गल्लीतून चालत घरं लिहीत गेला असणार, म्हणजे यादीतला क्रम हाच शेजार, असं मी धरलं आणि दीडशे घरं ओळीनं मांडली. चुकलं. मध्येच तो समोरच्या बाजूला जातो, गल्ली संपली की मागून येतो. दुरुस्ती जुन्या खरेदीखतांनी केली. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याची पडकी जागा. गावातून अशी अकरा खतं जमली, बहुतेक देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या पेटीतून. अकरा खतांनी चाळीसेक घरं जागच्या जागी बसवली. निवाड्यानं जमलं नाही ते चतुःसीमांनी केलं.

आमच्या घराचं खत नाही. वडिलोपार्जित, कधी विकलंच गेलं नाही.

३ मार्च

अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. १९६७ ते १९७२ मधल्या फेऱ्यांची चित्रं सगळ्यात बारीक, जमिनीवरचे दोनेक मीटर ओळखता येतात. आमच्या भागाची एक पट्टी आधी स्कॅन झालेली नव्हती. ३० डॉलर भरून मागवली, पाच आठवड्यांनी आली.

काळंपांढरं चित्र मोठं करत नेलं. नदीच्या वळणावर, काळ्या शेतांच्या मध्ये, एक फिकट डाग. पांढरी. गावठाणाला पांढरी का म्हणतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण ती खरोखर पांढरी दिसते हे असं आकाशातून पाहिलं. घरं वेगळी ओळखू येत नाहीत, कारण माळवदाची माती आणि गल्लीची माती एकाच रंगाची. पण मुख्य रस्त्याची रेघ, वेशीपाशी झालेला फाटा आणि ओढा स्पष्ट आहेत.

आता चूक. हे चित्र आजच्या नकाशावर बसवायला दोन्हीकडे असलेल्या खुणा लागतात. मी दौंड-सोलापूर रेल्वेची लाईन धरली, लांबलचक आणि ठळक म्हणून. गाव भलत्याच जागी गेलं. तीन आठवडे मी सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसले. मग दादानं (चुलतभाऊ) विचारलं, "लाईन धरणामुळं हलवलीय, माहितीय ना?" डिकसळचा इंग्रजी काळातला पूल मुळात रेल्वेचा होता, लाईन सरकल्यावर तो रस्त्याला दिला. मग तो पूलच खूण म्हणून घेतला, शिवाय पाण्याबाहेरच्या टेकडीवरची देवळं, पांदींचे फाटे आणि विहिरी. या चित्रांत कडेला ताण फार असतो, त्यामुळे चार खुणांनी भागत नाही. मी तेवीस घेतल्या. तरी पंधरा-वीस मीटरची चूक राहते. घराला ती फार आहे, गल्लीला चालते.

२४ मार्च

निवाड्याच्या यादीत शेवटी सदतीस घरं आहेत, ओढ्यापलीकडची. आतापर्यंत भेटलेल्या चौदा माणसांपैकी एकानंही ती काढली नव्हती. माझ्याही ते लक्षात आलं नाही. चौदा कागदांवर गाव ओढ्याशी संपतं आणि मी ते तसंच ट्रेस केलं.

आज राजवाड्यातल्या (जुन्या कागदांत महारवाडा) एका आजोबांना भेटले. नव्या गावातही त्यांची वस्ती वेगळीच आहे. त्यांचे वडील वतनाची कामं करायचे, १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली तोवर. दवंडी, टपाल, सरकारी माणसाला वाट दाखवणं. लहानपणी हे त्यांच्यामागून हिंडायचे. आजोबांनी वीस मिनिटांत वेस, चावडी, प्रत्येक गल्लीचं तोंड आणि ती कुठे संपते ते काढलं. चौदा जणांचे तुकडे जोडून मला जे जमलं नव्हतं ते एका कागदावर आलं. त्यांना सगळ्या गल्ल्या माहीत, कारण वडिलांना सगळ्यांच्या दारात जावं लागायचं. आत मात्र कुठेच नाही.

सवयीनं मी आडाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या आडाचं मला विचारू नका. तिथं आम्ही कधी गेलो नाही. आमचं पाणी नदीचं, खालच्या अंगाला." मी वहीत तसंच लिहून घेतलं. परतताना गाडीत दादा आणि मी कुणीच बोललो नाही. माझ्या आत्यानं मोजलेली पावलं ज्या आडाची, तो आड त्यांच्यासाठी नव्हता, हे नकाशावर कसं दाखवायचं? ओढ्यापलीकडची घरं त्याच जाडीच्या रेघेनं काढायची आणि नदीवरचा खालचा घाटही दाखवायचा, एवढं ठरवलं.

२१ एप्रिल

पाणी पाहायला पहिली फेरी. यंदा धरण फार उतरतंय. उजनीचं गणित बाहेरच्यांना कळत नाही म्हणून लिहिते. धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं तळचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीवर टक्के काढतात. मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागलं की टक्के उणे होतात.

पांढरीवर अजून पुरुषभर पाणी. काठावर मोटारी, केबली आणि पाईप पाण्यामागे सरकत चाललेत. दादानं काठाशी खुंटी ठोकली. रोज खुंटीपासून पाणी किती पावलं मागे गेलं ते तो फोनवर सांगेल. लोकसभेच्या निवडणुकीमुळे कचेऱ्यांतली माणसं ड्युटीवर आहेत, उरलेल्या दोन नकला मेअखेरपर्यंत विसरायच्या.

१२ मे

गावठाण उघडं पडलंय. पहाटे साडेपाचला निघालो. गाळ वरून भेगाळलेला, कडक दिसतो, पण खाली लोण्यासारखा. दादाचा पाय मांडीपर्यंत गेला. गमबूट आणू नका, गाळात अडकून राहतात. जुने बूट दोरीनं करकचून बांधा, हातात काठी ठेवा, आणि दोघं एकाच रेषेत चालू नका. तुटक्या जाळ्यांचे गळ पायाला लागतात.

फोनवर माझा नकाशा उघडून ठिपक्यामागे गेलो. ठिपका थांबला तिथे मोठं दगडी जोतं. दादानं नारळ फोडला, मी माती कपाळाला लावली. मग टेप काढून मोजायला लागले तर जोतं आमच्या घराच्या दुप्पट लांब. ते चावडीचं असावं. फोन पाच मीटर चुकतो, माझा नकाशा पंधरा-वीस, आणि पाच खणी घर खण पाच फुटांचा धरला तरी साडेसात मीटरचं. फोनवर विसंबून घर सापडणार नव्हतंच.

मारुतीच्या देवळाचे कोपऱ्याचे दगड जागेवर आहेत. यापुढे सगळं त्यांच्यापासून टेपनं मोजायचं. साडेनऊला ऊन सोसेना, परत आलो.

रात्री पावलांचं गणित पुन्हा मांडलं आणि डिसेंबरातली चूक सापडली. पावलं मोजणारी मुलगी सोळा वर्षांची होती, आणि मी ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं पाऊल लावलं होतं. दादाच्या अकरावीतल्या मुलीला भरली घागर देऊन अंगणात चालवलं. ५८ सेंटिमीटर. म्हणजे आड ते पार साडेपंचवीस मीटर, पार ते दार एक्केचाळीस.

२२ मे

काल संध्याकाळी वादळात कुगावहून कळाशीला येणारी होडी उलटली. सहा जण बुडाले. शोध चालू आहे. आमच्या नव्या गावात चुली पेटल्या नाहीत. धरणानं इकडच्या आणि तिकडच्या गावांमधली वाट बुडवली, म्हणून माणसं होडीनं जातात. पलीकडच्या काठावरून फोटो काढायला या शनिवारी होडीनं जायचं ठरवलं होतं. रद्द केलं. कामही आठवडाभर बंद.

२ जून

आत्याला आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून पांढरीच्या कडेपर्यंत, तिथून दादानं आणि त्याच्या मुलानं खुर्चीवर उचलून. तिनं खुर्चीवरूनच सांगायला सुरुवात केली.

आड सापडला. वरचं दगडी कडं जमिनीच्या पातळीत, आतून काठोकाठ गाळ. मारुतीच्या पारापर्यंत टेप टाकला: २७ मीटर. पाराशी वळून पूर्वेला ४१ मीटर २० ला थांबलो. गाळातून दोन घडीव दगड एकावर एक डोकावत होते. फावड्यानं नाही, हातानं माती काढली. पायऱ्या. वरच्या पायरीवर शिंपले चिकटलेले, मधला भाग पावलांनी झिजून बशीसारखा खोल झालेला, त्यात गाळाची खपली वाळून लहान लहान तुकडे झालेली. आत्यानं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, तळव्यानं पुसलं आणि हात तसाच ठेवून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई रोज सारवायची हे. दगडच तो, पण सारवायची."

पायऱ्या उत्तरेला आहेत. जोत्याची लांबी साडेसात मीटरला थोडी कमी, पाच खण. आत माजघराच्या कोपऱ्यात जात्याची खालची तळी, अजून जागेवर.

पूर्वेची बाजू नाही. गाळ उपसायला आलेल्या पोकलेननं तिथे अलीकडेच मोठा खड्डा केलाय, जोत्याचे दगडही गाळाबरोबर गेलेत. अण्णा म्हणतात ते दार तिथे नंतर काढलं असेल तर आता कळायचा मार्ग नाही. पंधरा दिवस आधी इथवर पोचलो असतो तर कळलं असतं. १२ मेची सकाळ मी फोनमागे घालवली, याचं वाईट वाटतं.

साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास आहे. आभाळ भरून येतंय.

९ जून

पाऊस लागला. घाईघाईनं सहा तास मापं घेतली: चार गल्ल्यांची तोंडं, तेवीस जोती, वेशीचा एक बुरूज. ओढा वाहायला लागला होता, पलीकडे जाता आलं नाही.

१४ जुलै

नकाशा छापला. पक्की रेघ म्हणजे टेपनं मोजलेलं, बारीक रेघ म्हणजे खरेदीखत किंवा निवाड्यावरून, तुटक रेघ म्हणजे आठवणीतलं. हा फरक दाखवला नाही तर पुढच्या माणसाला माझे अंदाज खरे वाटतील. प्रत्येक घरावर निवाड्यातला क्रमांक आहे, नावं नाहीत.

खर्च: नकला १,१४० रुपये, उपग्रहाचं चित्र २,६००, पुण्याहून नऊ फेऱ्यांचं पेट्रोल ११,५००, ट्रॅक्टरचं डिझेल ८००, पन्नास मीटरचा टेप ६५०, चाळीस प्रती छापायला २,२००. एकूण १८,८९०. आठ महिने, त्यातले निदान दोन माझ्या चुका निस्तरण्यात.

पहिली प्रत आत्याला पाठवली, दुसरी राजवाड्यातल्या आजोबांना नेऊन दिली. त्यांनी खालचा घाट बोटानं शोधला आणि तो जरा वरच्या अंगाला हवा म्हणाले. पेन्सिलनं खूण करून घेतली.

अण्णांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. उत्तरेच्या पायऱ्या पाहिल्या, काही बोलले नाहीत. मग पूर्वेच्या बाजूला मी काढलेल्या तुटक रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "याच दारातून मी शाळेला जायचो." ती रेघ तशीच ठेवली आहे.

ओढ्यापलीकडची सदतीस घरं अजून सगळी बारीक रेघेत आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर टेप आधी तिकडे न्यायचा. आजोबा येतो म्हणालेत.